अब्दुल करीम खाँ : ज्यांची रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी घराबाहेर पडले

१९३० च्या दशकातलं गदग. शाळेतून घरी परतणारा एक मुलगा रस्त्यातल्या एका दुकानासमोर थांबायचा. गिऱ्हाइकांना ऐकवण्यासाठी दुकानात ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावली जायची आणि त्यातून एक बारीक, थोडा अनुनासिक, पण थेट काळजात उतरणारा आवाज बाहेर यायचा. झिंझोटी रागातली ठुमरी होती ती.

मुलाचं नाव होतं भीमसेन जोशी. आपल्यालाही असं गाता आलं पाहिजे, हे त्याच्या मनानं घेतलं. गुरूच्या शोधात तो घरातून पळाला, उत्तरेत बरीच वणवण केली आणि अखेर त्याला गुरू सापडला तो घराजवळच, धारवाडलगतच्या कुंदगोळमध्ये. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. आणि हे सवाई गंधर्व त्या रेकॉर्डमधल्या गायकाचेच शिष्य होते.

तो गायक म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

किराणा घराण्याचे अध्वर्यू म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांची आणखी एक ओळख आहे. जे लोक कधीही राजदरबारात किंवा मोठ्या मैफलीत बसू शकले नसते, त्यांच्यापर्यंत रेकॉर्डच्या रूपानं पोहोचलेल्या पहिल्या मोठ्या ख्यालगायकांपैकी ते एक होते. आवडलेली रेकॉर्ड मित्राला घरी बोलावून ऐकवायची, हा छंद महाराष्ट्रात ज्या आवाजांमुळे रुजला, त्यात खाँसाहेबांचा आवाज फार वरचा आहे.

आणि हा आवाज ज्यांचा होता, त्यांचं स्वतःचं घर मात्र टिकलं नाही. त्यांच्या मुलांनी पुढे दुसऱ्याच नावांनी कीर्ती मिळवली.

नेमकं काय घडलं होतं?

कैराना ते बडोदा

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव कैराना, आजच्या उत्तर प्रदेशातलं. याच गावाच्या नावावरून किराणा घराणं हे नाव पडलं. दुकानातल्या किराणा मालाशी त्याचा काही संबंध नाही.

घरात गाणं आणि सारंगी पिढीजात होती. वडील काले खाँ आणि इतर वडीलधाऱ्यांकडून त्यांना तालीम मिळाली. ते सारंगी वाजवायचे, बीन वाजवायचे, तबल्यावरही हात होता. सारंगीचा आवाज माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळचा मानतात. एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जाणं हे या वाद्याचं वैशिष्ट्य. खाँसाहेबांच्या गाण्यात सूर जो अखंड, तेलाच्या धारेसारखा वाहतो, त्याची मुळं इथे आहेत.

तरुणपणी ते भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तिथेच त्यांची भेट ताराबाई माने यांच्याशी झाली. ताराबाई सरदार मारुतीराव माने यांची मुलगी. माने घराण्याचं राजघराण्याशी नातं होतं. ताराबाई गाणं शिकत होत्या.

एक मुसलमान दरबारी गवई आणि एका मराठा सरदाराची मुलगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नातं बडोद्यात मान्य होणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं. मुंबईमार्गे हे कुटुंब पुढे मिरजेत स्थिरावलं.

मिरज का?

मिरज हे संस्थानचं गाव होतं, रेल्वेचं जंक्शन होतं आणि गाण्याचंही गाव होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं तिथे वास्तव्य होतं आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेतच शिकले. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांची अख्खी गल्ली इथे होती, आजही आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

ज्याचं सगळं गाणं सुरावर उभं आहे, त्याला तंबोरा बनवणाऱ्यांचं गाव मिळणं ही मोठी गोष्ट. खाँसाहेब तंबोरा जुळवण्याबद्दल कमालीचे काटेकोर होते. वाद्यांची दुरुस्तीही ते स्वतः करत.

मिरजेशी त्यांना बांधून ठेवणारी आणखी एक जागा म्हणजे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले होते, दर्ग्यात सेवा केल्यावर ते बरे झाले, अशी श्रद्धेची गोष्ट मिरजेत सांगितली जाते. इतकं नक्की, की दर्ग्याच्या उरुसात ते नेमानं गायचे आणि तिथे ऐकायला कोणीही येऊन बसू शकत असे.

गाणं यंत्राला द्यायचं की नाही?

आता थोडं ग्रामोफोनबद्दल.

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन आले आणि गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गावं लागे. आवाजाच्या कंपनानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाच पडायची. एका बाजूला मिळायची साधारण तीन मिनिटं. गाणं संपताच गायकानं आपलं नाव पुकारायचं अशीही पद्धत होती, म्हणजे कारखान्यात रेकॉर्ड कोणाची हे कळावं.

मोठ्या उस्तादांना हे सगळं पटणं कठीण होतं. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत कसा मांडायचा? आयुष्यभर जपलेली बंदिश कोणीही ऐकून उचलली तर? चहाच्या दुकानात, लोक गप्पा मारत असताना आपलं गाणं वाजलं तर? यंत्रात गायलं की आवाज जातो, अशीही भीती होती.

अनेकांनी नकार दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांनी रेकॉर्ड दिली नाही. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज आज आपल्याकडे नाही. त्यांचं गाणं कसं होतं हे आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून ताडतो. ऐकू मात्र शकत नाही.

अब्दुल करीम खाँ यांनी १९०५ च्या आसपास, म्हणजे तिशीत असताना, ग्रामोफोनसाठी गायलं. या पहिल्या रेकॉर्ड्स लहान आहेत, खरखरीत आहेत. त्यात तरुण, चपळ गळा ऐकू येतो. पुढे ज्या संथ आलापीसाठी ते ओळखले गेले, तिच्यापेक्षा हे गाणं बरंच वेगळं आहे.

त्यानंतर बराच काळ त्यांचं नवं ध्वनिमुद्रण झालं नाही. मधल्या या वर्षांत त्यांचं गाणं आणि आयुष्य, दोन्ही बदललं.

शाळा, श्रुती आणि दक्षिण

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतलं. त्या काळात उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राबल्याशिवाय विद्या मिळत नसे. इथे मुलं विद्यालयात राहून शिकत होती. खर्च भागवायला खाँसाहेब तिकीट लावून जलसे करायचे. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांचे असेच एक शिष्य. त्यांनी पुढे खाँसाहेबांचं मोठं मराठी चरित्र लिहिलं.

शिष्यांमध्ये सवाई गंधर्व होते, रोशन आरा बेगम होत्या. गोव्याच्या केसरबाई केरकर लहानपणी काही महिने त्यांच्याकडे शिकल्या होत्या.

याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स भारतीय संगीतातल्या २२ श्रुतींचं मोजमाप करत होते. पेटीच्या १२ पट्ट्यांमध्ये न बसणारे जे बारीक सूर गवई लावतात, ते गणितात कसे मांडायचे हा त्यांचा प्रश्न होता. यासाठी हवा होता असा गळा, जो तोच सूर पुन्हा पुन्हा, तितकाच अचूक लावू शकेल. त्यांनी खाँसाहेबांना गाठलं. देवल-क्लेमेंट्स यांच्या मांडणीवर पुढे मोठा वाद झाला. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही तो गाजला. पण एक परंपरेत वाढलेला उस्ताद स्वतःचा गळा असा तपासणीला देतो, हे त्या काळात नवीनच होतं.

दुसरं नवेपण दक्षिणेतलं. म्हैसूरच्या दरबारात खाँसाहेबांना वारंवार बोलावणं यायचं. तिथे त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. म्हैसूरला जाता-येता ते धारवाड-हुबळी भागात मुक्काम करायचे. तिथे गंगुबाई हनगल यांच्या आई अंबाबाई यांचं कर्नाटक संगीत त्यांनी ऐकलं. ते नुसतं ऐकून ते थांबले नाहीत. कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली. दक्षिणेतले राग शिकून घेतले.

ज्या काळात उत्तरेतले बहुतेक गवई दक्षिणेच्या संगीताकडे ढुंकूनही पाहत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

घर मोडलं

ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुलं झाली. सगळ्यांच्या गळ्यात गाणं होतं. मोठा मुलगा अब्दुल रहमान वडिलांकडे शिकला.

पण हा संसार टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या नुसत्या वेगळ्या झाल्या नाहीत, मुलांची नावंही बदलली.

अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने. चंपाकली झाली हिराबाई, आणि आडनाव लागलं बडोद्यावरून, बडोदेकर. सकीना झाली सरस्वतीबाई, पुढच्या सरस्वतीबाई राणे. कृष्णराव माने आणि कमलाबाई बडोदेकर ही आणखी दोन भावंडं.

नाव बदलण्यामागे व्यवहार होता. १९२० च्या दशकात गाणाऱ्या बाईकडे समाज संशयानं बघत होता. त्यात वडील मुसलमान आणि आई मराठा, म्हणजे मुलींना दोन्हीकडून प्रश्न. साडी नीट लपेटून, व्यासपीठावर बसून, तिकीट काढून आलेल्या सभ्य प्रेक्षकांसमोर गाणारी स्त्री ही प्रतिमा ज्यांनी महाराष्ट्रात घडवली, त्यात हिराबाई बडोदेकर आघाडीवर होत्या. त्यासाठी त्यांना एक नवं, कोरं नाव लागलं.

हिराबाईंची पुढची तालीम झाली ती अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. तेही किराणा घराण्याचेच. म्हणजे वडील सुटले, पण घराण्याचं गाणं सुटलं नाही.

खाँसाहेबांच्या उत्तरायुष्यातल्या गाण्यात जी करुणा आहे, तिचा संबंध अनेक जाणकार या ताटातुटीशी लावतात. असा सरळ हिशेब मांडता येतो का, हा प्रश्नच आहे. स्वभाव, वय, दक्षिणेचा प्रभाव, अशी बाकीची कारणंही आहेतच. पण क्रम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या रेकॉर्ड्समुळे आपण त्यांना ओळखतो, त्या या सगळ्यानंतरच्या आहेत.

ओडियनची तीन मिनिटं

१९३० च्या दशकात खाँसाहेबांनी ओडियन या कंपनीसाठी पुन्हा गायलं. तोवर तंत्र बदललं होतं. १९२५ नंतर जगभर मायक्रोफोन आणि विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. आता कर्ण्यात ओरडायची गरज उरली नव्हती. हलक्या आवाजात लावलेला सूरही टिपला जात होता.

खाँसाहेबांच्या गळ्यासाठी हा बदल फार मोठा होता. त्यांचा आवाज बुलंद नव्हता. तो पातळ, उंच पट्टीतला, आत वळलेला होता. जुन्या यंत्रानं त्यातलं निम्मं गाळलं असतं. नव्या यंत्रानं श्वासही पकडला.

वय साठीच्या घरात. आणि वेळ तीच, एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास. या मर्यादेत त्यांनी काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

मैफलीतला राग ते इथे कापून-छाटून कोंबत नाहीत. बसंत असो, गुजरी तोडी असो की सरपरदा, ते रागातली एकच भावावस्था निवडतात आणि तिच्यातच राहतात. ताना मोजक्या. शब्द थोडे. एखाद्या स्वरावर ते असे थांबतात, की मागे वेळ संपत आलीय हे ऐकणाऱ्याला जाणवतही नाही.

शिवाय निवड बघा. ख्याल आहेत, ठुमऱ्या आहेत. खरहरप्रिया रागातली त्यागराजांची रचना आहे. आणि संगीत मानापमानातलं मराठी नाट्यपदही आहे. उत्तर प्रदेशात जन्मलेला, मिरजेत राहणारा गवई तेलुगू रचना आणि मराठी नाट्यपद एकाच आस्थेनं गातो, आणि दोन्ही रेकॉर्ड करून ठेवतो.

रेकॉर्ड हातोहाती कशी फिरायची?

आज आवडलेलं गाणं पाठवायला एक सेकंद लागतो. तेव्हा काय करावं लागायचं?

कोकणातलं आंजर्ले घ्या. दापोली तालुक्यातलं, कड्यावरच्या गणपतीसाठी ओळखलं जाणारं समुद्रकाठचं गाव. त्या काळात मुंबईला जायचं तर जवळच्या हर्णै बंदरातून आगबोट. बोट किनाऱ्याला लागत नसे, पडावातून खोल पाण्यात जाऊन ती पकडावी लागे. पावसाळ्यात ही वाहतूकच बंद. अशा गावातल्या गाण्याच्या वेड्याला मुंबई-पुण्याची मैफल किंवा मिरजेचा उरूस आयुष्यात किती वेळा गाठता येणार?

कोकणातल्या अशा गावांत बाहेरचं गाणं यायचं ते चाकरमान्याच्या ट्रंकेतून. रेकॉर्ड लाखेची. हातातून पडली की तुकडे. ती कपड्यांच्या घडीत जपून आणायची. ज्याच्याकडे ग्रामोफोन असेल त्याच्या पडवीत चार जण जमायचे. चावी द्यायची, सुई बदलायची, तीन मिनिटं सगळे गप्प. मग रेकॉर्ड उलटायची.

यात एक गोष्ट आज लक्षात येत नाही. पोलादी सुई प्रत्येक वेळी रेकॉर्डची खाच थोडी झिजवत असे. म्हणजे आवडतं गाणं दुसऱ्याला ऐकवणं फुकट नव्हतं. प्रत्येक वेळी ते थोडं कमी होत होतं. म्हणूनच जुन्या संग्रहांमध्ये सगळ्यात खराब अवस्थेत सापडते ती बहुधा सगळ्यात लाडकी रेकॉर्ड.

तरीही लोक ऐकवत राहिले. गंगुबाई हनगल लहानपणी रस्त्यावर ग्रामोफोन वाजताना ऐकला, की धावत बाहेर जायच्या आणि ऐकलेलं गळ्यातून काढायचा प्रयत्न करायच्या. भीमसेन दुकानासमोर उभे राहायचे. दोघंही पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य झाले.

झिंझोटीची ती ठुमरी तर सिनेमातही गेली. १९३५ साली न्यू थिएटर्सचा देवदास आला आणि त्यात कुंदनलाल सैगल यांनी ती आपल्या पद्धतीनं गायली. शास्त्रीय संगीताचं नावही न ऐकलेल्या लोकांच्या ओठावर ती पोहोचली.

आणखी एक उदाहरण फिरोज दस्तूर यांचं. तेही सवाई गंधर्वांचे शिष्य. खाँसाहेबांनी सरपरदा रागात गोपाळाला आळवणारी एक रचना रेकॉर्ड केली होती. दस्तूर ती सवाई गंधर्व महोत्सवात गायचे आणि श्रोते वर्षानुवर्षं तिची फर्माईश करत राहिले. तीन मिनिटांच्या रेकॉर्डमधलं गाणं असं पुन्हा मैफलीत परतलं.

एकाच पेटीत बाप-लेक

रेकॉर्ड्सच्या या जगात एक विलक्षण गोष्ट घडली.

हिराबाई बडोदेकरांच्याही रेकॉर्ड्स निघत होत्या आणि त्या खूप लोकप्रिय होत्या. सरस्वतीबाई राणे यांनीही गायलं, सिनेमासाठी पार्श्वगायनही केलं. म्हणजे गाण्याची आवड असलेल्या एखाद्या मराठी घरात रेकॉर्ड्सची लाकडी पेटी उघडली, तर त्यात अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई बडोदेकर शेजारी-शेजारी असण्याची चांगलीच शक्यता होती.

लेबलवर दोन वेगळी नावं. दोन वेगळे धर्म सुचवणारी. नातं कुठेही लिहिलेलं नाही. पण एकापाठोपाठ एक ऐकलं, की सूर लावण्याची पद्धत एकाच घरातली आहे हे कान असलेल्याला कळायचं. प्रत्यक्षात जे घर एका छपराखाली राहिलं नाही, ते अनोळखी माणसांच्या घरात एका पेटीत राहत होतं.

सुरेशबाबूंनी वडिलांकडून मिळालेलं गाणं पुढे नेलं. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे. हिराबाईंकडेही त्या शिकल्या. म्हणजे एका बाजूनं सवाई गंधर्व, गंगुबाई, भीमसेन, दस्तूर आणि दुसऱ्या बाजूनं सुरेशबाबू, हिराबाई, प्रभा अत्रे. महाराष्ट्रात विसाव्या शतकात ऐकल्या गेलेल्या गाण्याचा केवढा मोठा भाग या एका माणसापाशी जाऊन मिळतो, याचा अंदाज यावरून येईल.

शेवटचा प्रवास

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब दक्षिणेत होते. मद्रासहून ते पाँडिचेरीला निघाले होते. अरविंदांच्या आश्रमात त्यांचं गाणं व्हायचं होतं.

रात्रीच्या गाडीत त्यांना बरं वाटेनासं झालं. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळकोविल या छोट्या स्टेशनावर ते उतरले. प्लॅटफॉर्मवर अंथरूण टाकण्यात आलं. त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत प्रार्थना करत तिथेच प्राण सोडला, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितलं जातं. तारीख होती २७ ऑक्टोबर १९३७. वय ६४.

त्यांचं दफन झालं मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात.

दर वर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक हजेरी लावतात. तिकीट नसतं. समोर गाण्याचे जाणकार असतात, तसे उरुसाला आलेले सामान्य भाविकही असतात. खाँसाहेब ज्या श्रोत्यांसमोर गायचे, तसेच.

आज ऐकायचं तर?

खाँसाहेबांच्या रेकॉर्ड्स पुढे लाँग प्ले, कॅसेट आणि सीडीवर आल्या. पण सगळ्याच आल्या नाहीत. अनेक दुर्मीळ रेकॉर्ड्स टिकल्या त्या हौशी संग्राहकांमुळे. जुन्या बाजारात, भंगारात, वाड्यांच्या माळ्यावर शोधून त्यांनी त्या जमवल्या, धुतल्या, ऐकल्या आणि एकमेकांना ऐकवल्या. १९९० साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्थाच सुरू झाली. श्रवणसभा भरवणं आणि जुन्या रेकॉर्ड्सची माहिती नोंदवून ठेवणं हे काम ती करत आली.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्ड्स ती मुदत कधीच ओलांडून गेल्या आहेत. म्हणून आज त्या इंटरनेटवर सहज सापडतात.

पहिल्यांदाच ऐकत असाल, तर झिंझोटीतली ठुमरी आधी ऐका. मग जोगियातली ठुमरी, भीमसेन जोशींनीही ती पुढे गायली आहे. त्यानंतर बसंत, सरपरदा आणि शेवटी खरहरप्रिया. पाचही मिळून वेळ लागेल वीस मिनिटांच्या आत. खरखर ऐकून लगेच बंद करू नका. अर्ध्या मिनिटात कान तिला बाजूला सारायला शिकतात.

आणि ऐकताना एक ध्यानात ठेवा. जुन्या रेकॉर्ड्सचा वेग नेहमी अगदी ७८ फेरेच असायचा असं नाही. उतरवून घेताना वेग चुकला, की पट्टी बदलते, आवाज उगाच चिरका किंवा जाड वाटतो. एकाच रेकॉर्डच्या दोन-तीन प्रती ऐकून बघितल्या तर फरक कळतो.

ही रेकॉर्ड पुढे पाठवावीशी वाटली, तर सोबत रागाचं नाव, गायकाचं नाव आणि कंपनीचं नाव जरूर लिहा. लाखेच्या रेकॉर्डवर ते गोल कागदी लेबलवर छापलेलं असायचं. फाइल फिरत राहते तेव्हा सगळ्यात आधी गळून पडतं ते हेच. अब्दुल करीम खाँ यांच्या घरातल्या नावांचं जे झालं, ते निदान त्यांच्या गाण्याचं होऊ नये.